घरातल्या दोन 'ती'

४ जुलै

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या खाणीत मोबाइल लागत नाही याचा मला पूर्वी राग यायचा, आता बरंच वाटतं. फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस, पत्रात निदान चार वाक्यं लिहावी लागतात. एवढं क्रेनचं धूड चालवणाऱ्या माणसाला मी अजून बारक्या म्हणते म्हणून फुगून बसू नकोस.

आधी तिची बातमी. ती म्हणजे आपली गाडी. बाबांनी तिला जन्मात कधी गाडी म्हटलं नाही. ती उन्हात उभी आहे, ती आज कुरकुरतेय, असंच चालायचं. आई चिडून म्हणायची की या घरात दोन 'ती' आहेत आणि कुणाबद्दल चाललंय ते यांच्या आवाजावरून ओळखावं लागतं. आवाज मऊ असला तर गाडी. बाबा गेले, पण आपली दोघांची सवय काही गेली नाही.

तर तिचे ब्रेक गेले. अगदी गेले नाहीत, जायला निघालेत. दाबले की किंचाळते, आणि पॅडल अर्ध्यावर थांबायचं ते आता पार तळाला जातं. आईला पंधरवड्याला सलाइनसाठी न्यायचं म्हणजे तो हॉस्पिटलचा उतार आलाच. परवा वळणावर पुढचा टेम्पो अचानक थांबला. मीही थांबले, पण इतक्या जवळ की त्याच्या चाकावरचा चिखल ओला आहे की सुका ते सांगता आलं असतं. आई शेजारी होती. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली.

दोन गॅरेजमध्ये दाखवलं. पहिल्याने चाक काढून पॅड माझ्या हातात दिला. कवळ्यांच्या लॅबमध्ये काम करून मला झिजलेल्या दाढा रोज दिसतात, हा तसाच होता. त्याचं म्हणणं, पॅड, डिस्क, मागचे लायनर, सगळंच बदला. आकडा ऐकून मी तिथल्या टायरवर बसले. ती विकली तरी तेवढे येणार नाहीत. दुसरा म्हणाला की नुसत्या पॅडवर भागेल, पण किती दिवस ते विचारू नका.

आईचंही तसंच झालंय. आपल्या डॉक्टरांनी आणखी सहा सलाइन सांगितलीत. दुसरीकडे दाखवलं, ते म्हणाले तीन देऊन बघू. खात्री कुणीच देत नाही. दोन्ही खर्च एकदम अंगावर आलेत आणि माझं डोकं चालेनासं झालंय. तू ब्रेकमधला माणूस, सकाळी क्रेनचे ब्रेक तपासल्याशिवाय कामाला हात लावत नाहीस. काय करायचं ते सांग. दोन्हीचं सांग.

आईला ऐकू आणखी कमी येतं, डोळे मात्र शाबूत आहेत. आपल्या घरात पत्र कधी एकाचं नसतंच, तेव्हा पोस्टमन आला की पाकीट तीच फोडते. मी लॅबमधून येईपर्यंत तिचं पाठ झालेलं असतं. म्हणून माझी थट्टा जरा जपून कर.

लोभ आहेच, तेवढा ब्रेकसारखा झिजू देऊ नकोस.

तुझी ताई

१३ जुलै

ती. ताईस बारक्याचा सा. न. वि. वि.,

पत्र पोचलं. आईला आणखी सहा सलाइन, हे वाचून पोटात गोळा आला.

दोन दिवस विचार केला, आता स्पष्टच लिहितो. तिच्यावर यापुढे खर्च करू नये असं माझं मत झालंय. दोघांना दाखवलंस. एक म्हणतो सगळं करा, दुसरा म्हणतो थोडक्यात भागवू, आणि खात्री एकाचीही नाही. ज्याला त्याला आपला धंदा चालवायचा असतो. आज हे निस्तरलं की उद्या दुसरं काहीतरी निघेल. वय झालं तिचं.

तिने आपल्यासाठी काय कमी केलं? बाबांच्या मागे घरचा सगळा भार तिनेच वाहिला. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सोडायला तीच आली होती. म्हणूनच वाटतं, तिचे आणखी हाल करू नयेत. ओढूनताणून किती दिवस काढायचे? तिला आता मोकळं करू. वाईट मलाही वाटतंय, पण कधीतरी मन घट्ट करावंच लागतं. आणि तिला घेऊन त्या उतारावर आता अजिबात जाऊ नकोस. तुझ्या जिवाला काही झालं तर काय करायचं?

इथे धूळ फार आहे. केबिनची काच पुसून पुसून हात दुखतो. माझा बदली चालक आजारी आहे, त्यामुळे रजेचं नाव काढता येत नाही.

आईला नमस्कार सांग. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, खरंच असू दे.

तुझा बारक्या

५ ऑगस्ट

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. एका लोखंडाच्या डब्यासाठी एवढा गळा काढलास! तिला मोकळं करून मी आईला काय खांद्यावरून नेऊ? भाड्याची गाडी जाताना मिळते, परतीला कुणी थांबत नाही, आणि सलाइननंतर आईला उभं राहवत नाही. बाकी जे लिहायचं टाळलंस ते माझ्या लक्षात आलंय, पण त्यावरून आत्ता भांडत नाही.

कारण इथे वेगळंच होऊन बसलंय. आईने यायचंच बंद केलंय. एरवी ती माझ्या आधी तयार होऊन दाराशी बसायची. त्या दिवशी चपलाच घातल्या नाहीत. म्हणाली की आज नको. मला वाटलं, त्या टेम्पोच्या प्रसंगाने धसका घेतला. म्हणून लॅबमधून उचल घेतली आणि पहिल्या गॅरेजला सगळं नवं घालायला सांगितलं. आता ती किंचाळत नाही, पाय टेकवला की थांबते. आईला हाताला धरून खाली नेलं आणि दाखवली. तिने बॉनेटवरून हात फिरवला, म्हणाली की फार चांगलं केलंस, तुझी काळजी मिटली. आणि परत आत जाऊन बसली. दुसरी तारीखही गेली.

डॉक्टर माझ्यावर ओरडले. असा खंड पडला तर आधी मिळवलेलंही हातचं जाईल म्हणाले. मी तिच्यापुढे हात जोडले, रडले, तरी ती भांडत नाही की चिडत नाही, हसून विषय बदलते. कपाटं आवरते. तिची लोकरीची शाल मला देऊन टाकली, वर म्हणते की तुला थंडी फार वाजते. बारक्या, मला तिची भीती वाटायला लागलीय.

तू तिला लिही. तुझं ती ऐकते. माझ्यावर राग असला तर तो नंतर काढ, लोभ मात्र आत्ता हवा आहे.

ताई

७ ऑगस्ट

चि. बारक्यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद,

अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. ताई कामावर गेली आहे. तिला न सांगता लिहिते आहे.

तुझं ताईला आलेलं पत्र मी वाचलं. मनाला लावून घेतलेलं नाही. तू लिहिलंस ते बरोबरच आहे. वय झालं, एक निस्तरलं की दुसरं निघणारच. मी इतकी वर्षं भार वाहिला असं तू लिहिलंस, ते वाचून खरं सांगते, बरं वाटलं. असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तुला नोकरीवर सोडायला आले होते तेही तुझ्या लक्षात आहे. मला वाटायचं विसरला असशील. त्या दिवशी तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, रडू येईल म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं.

माझे हाल होऊ नयेत असं तुला वाटलं, त्यात तुझी मायाच आहे. म्हणून मी सलाइन बंद केलं. ताईला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती तुझ्याशी जन्माचं भांडली असती, आणि माझ्यामागे तुम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण? तिने ब्रेक नवे घातले. माझ्यावर जायचे ते पैसे तिच्या जिवाच्या कामी आले, यात मला समाधान आहे.

फक्त एक वाटलं. मला विचारायला हवं होतंस रे. मी हो म्हणाले असते.

खाली नमस्कार लिहिला होतास तो पोचला. वेळेवर जेवत जा. माझी माया होती तेवढीच आहे, काही मनात आणू नकोस.

तुझी आई

१६ ऑगस्ट

ती. आईस बारक्याचा शिरसाष्टांग नमस्कार,

आई, ती म्हणजे गाडी. गाडी! त्या पत्रातलं एक अक्षरही तुझ्याबद्दल नव्हतं.

तुझं पत्र मी केबिनमध्ये वाचलं आणि मला शिडी उतरता येईना. साहेबांनी मला दिवसभर मशीनला हात लावू दिला नाही. तसाच रेंज मिळेल तिथवर गेलो आणि ताईला फोन केला. तिने तुला सांगितलं, तर तू म्हणालीस म्हणे की पोरं माझं मन राखायला बोलतात. म्हणून माझ्या अक्षरात लिहितो आहे. ब्रेकचं बिल वाचवायला मी लिहिलं होतं, आई. त्या बाबांच्या गाडीचं. तुला मोकळं करायचं मी लिहीन असं तुला वाटलं तरी कसं? आणि वाटलं तर मला एक शिवी का नाही घातलीस?

सहा सांगितली असतील तर सहाही सलाइन घे. साठ सांगितली तरी घे. ताईबरोबर लगेच जा. रजेचा अर्ज टाकलाय, बदली चालक मिळाल्याशिवाय सोडत नाहीत.

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा बारक्या

२४ ऑगस्ट

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद,

हे लॅबमध्ये बसून लिहिते आहे, घरी लिहिण्यासारखं नाही.

तुझं पत्र आईने स्वतः वाचलं, मग मला मोठ्याने वाचायला लावलं. मग तुझं जुलैचं पत्र गादीखालून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बोटाने ओळी शोधत बसली. शेवटी हसली. म्हणाली की एवढं मऊ लिहिलं होतं तेव्हाच ही गाडी आहे हे मला कळायला हवं होतं. मीही हसले. किती दिवसांनी त्या खोलीत हसणं ऐकलं.

मग तिने विचारलं की हे सगळं जर गाडीचं, तर यात माझ्याबद्दल कुठे आहे. मी पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटात गोळा आला, एवढी एक ओळ आणि शेवटी नमस्कार. ती ओळ मी तिला दाखवली. तिने चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि पत्राची घडी घालून परत गादीखाली ठेवली. तुला लिहायला सुचलंच नसेल, हे मला कळतं. तिलाही कळतं. तरी तिला लागलंय ते लागलंय.

काल आईला नेलं. उतारावरून ती आवाज न करता अलगद उतरली. डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि मला एकटीला बाहेर बोलावलं. सलाइन सुरू करू म्हणाले, पण पूर्वीसारखा गुण येईल असं धरून चालू नका. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर जरा बसले, तोंड धुतलं आणि आत गेले. आईला काही सांगितलं नाही. परत येताना आई एवढंच म्हणाली की ती किंचाळायची तेव्हा तू घरी आलीस हे मला ऐकू यायचं, आता कळणार नाही.

आता पत्र नको, बारक्या. तू ये. रजा देत नसतील तर भांड, पण ये. आईने सकाळी तुझ्यासाठी एक चिठ्ठी दिली, ती सोबत घालते आहे.

लोभ असला तर तो घेऊनच ये.

तुझी ताई

*

चि. बारक्यास आशीर्वाद.

ती बरी आहे. कोणती, ते येऊन बघ.

आई