चौथी खेप

मी, श्रीमती सुगंधाबाई शालिकराम नाकाडे, वय ७२ वर्षे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजा घाटटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने, चष्मा लावून आणि चहा घेऊन, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी स्मरणशक्ती चांगली असल्याचे लिहिले आहे. ती थोडी कमी असती तरी माझी तक्रार नव्हती.

माझे पती शालिकराम २०१४ साली वारले. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेला आमचा एकुलता मुलगा आदेश २२ जानेवारी १९९९ रोजी, वयाच्या नवव्या वर्षी वारला. आता जवळचा वारस म्हणजे माझ्या दिराचा मुलगा धनराज. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. शेती. घाटटोल्यातील माझ्या नावची दीड एकर धानाची बांधी धनराजला द्यावी. त्याने दर पावसाळ्यात आमच्या दोन शेतांमधला धुरा माझ्या बाजूला वीतभर सरकवला आहे. तो मला दिसत नाही असे त्याला वाटते. आता पूर्ण बांधीच त्याची होणार असल्याने सरकवण्याची मेहनत वाचेल.

२. बँकेतील ठेव. माझे शेवटचे आजारपण आणि क्रियाकर्म यांचा खर्च भागवून जे राहील ते धनराजची मुलगी दिव्यानी हिच्या शिक्षणासाठी ठेवावे. तेरवीला गावजेवण घालू नये. ज्यांना जेवायचे आहे त्यांनी घरून जेवून यावे.

३. मोठा जर्मनचा गंज. हा शेजारच्या आशाबाईने २०११ साली मुलीच्या लग्नात भात शिजवायला नेला, तो परत आणला नाही. तो मी तिलाच देत आहे. अट एवढीच की तो माझा होता हे तिने चारचौघांत एकदा म्हणावे.

४. शिकवण्याची साधने. बिस्किटाच्या डब्यातील चिंचोके, बांबूच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, लहान फळा आणि शाब्दिक उदाहरणांची माझी वही हे सर्व दिव्यानीला द्यावे. ती यंदा चौथीत आहे. चिंचोके दोनशे होते, आता कमी भरतील, कारण मुले ते भाजून खात.

वहीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. तिच्यात फक्त भागाकाराची उदाहरणे आहेत आणि प्रत्येकात बाकी उरते. सतरा मीटर कापड, एका गणवेशाला तीन मीटर, तर गणवेश किती? पाच. उरलेल्या दोन मीटरात सहावा गणवेश होत नाही, ते कापड बाजूला ठेवावे. तलावावर तेवीस मासे, पाच घरांचे वाटे, तर आजारी माणसाच्या घरी किती जातील? तीन, कारण आमच्याकडे वाटे पाडून उरलेली मासोळी आजाऱ्याच्या घरी देतात. तिथे बाकी हेच उत्तर. सात भाकरी, दोन पोरे, तर एक भाकर मधोमध मोडावी. आणि काही उदाहरणे अशी असतात की बाकी एक असो की सात, आणखी एक खेप मारावीच लागते. भागाकार चारही ठिकाणी सारखाच असतो. शेवटी काय उरले आणि त्याचे काय करायचे, हे उदाहरण पुन्हा वाचल्याशिवाय कळत नाही. हे मी १९९९ नंतर शिकवू लागले. त्याआधीची अठरा वर्षे मी मुलांना "भागाकार अमुक, बाकी तमुक" एवढे लिहून खाली दोन रेघा मारायला शिकवले.

५. निवेदन. हे कलम मिळकतीचे नाही. वकील श्रीहरी म्हणाले की असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटले, लिहू नये असा कायदा आहे का? ते म्हणाले, तसा नाही. म्हणून लिहीत आहे.

१९९८ च्या सहामाही परीक्षेला आमचे मुख्याध्यापक गुणवंतराव यांनी बाजारातून छापील प्रश्नपत्रिका आणल्या होत्या. सोबत उत्तरसूची होती. चौथीच्या गणितात प्रश्न होता: एका डोंग्यात ८ मुले बसतात, तर २६ मुलांना नदी पार करण्यासाठी किती खेपा लागतील? सूचीत उत्तर होते: भागाकार ३, बाकी २. गंमत म्हणजे माझ्या वर्गात सव्वीसच मुले होती. पंचवीस जणांनी सूचीप्रमाणे लिहिले. रुखमा नावाच्या मुलीने नुसते "४ खेपा" असे लिहिले. मी लाल पेनाने फुली मारली.

ती पेपर घेऊन टेबलाजवळ आली. म्हणाली, "बाई, मंग बाकीचे दोघं कुठी जातीन?"

मी म्हणाले, "सूचीत हाय तेच उत्तर. जागेवर बस."

ती बसली. त्या पेपरात आदेशला पन्नासपैकी सत्तेचाळीस आणि रुखमाला सेहेचाळीस गुण मिळाले. माझा मुलगा पहिला आला, मी शेजारी पेढे वाटले.

त्यानंतर जानेवारीत नदीपलीकडे शाळांचे खेळ होते. तेव्हा वैनगंगेवर आमच्याकडे पूल नव्हता. नथ्थू पचारे यांचा डोंगा घाटावर चालत असे आणि आठच्या वर माणूस ते घेत नसत. सकाळी जाताना चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेत मी आणि दोन मुले होतो. तेव्हा कोणालाही सूची आठवली नाही.

परत येताना उशीर झाला. कबड्डीत आमची मुले जिंकली होती म्हणून बक्षिसासाठी थांबलो. दोन खेपा गेल्या. काठावर दहा मुले आणि मी राहिलो. आठ मुले डोंग्यात बसली. उरलेल्या दोघांत रुखमा होती आणि आदेश होता. शिक्षिकेचा मुलगा पुढे घुसला असे कोणी म्हणू नये म्हणून त्याला मी नेहमी शेवटी ठेवत असे. दिवस बुडायला आला होता आणि गुणवंतराव गावाकडच्या काठावरून हात करून बोलवत होते. मी म्हणाले, दोघेच तर आहेत, बसवून घ्या.

नथ्थूभाऊ म्हणाले, "आठाच्या वर नाई, बाई. तुम्ही थांबा, मी आणखी एक खेप मारतो. काऊन घाई करून राह्यल्या?"

मी म्हणाले, "जबाबदारी माझी."

हे दोन शब्द मी म्हणाले. ते म्हटल्यावर नथ्थूभाऊंनी वल्हे हातात घेतले, कारण शाळेच्या बाईच्या शब्दाबाहेर गावात तेव्हा कोणी जात नसे. रुखमा मात्र मागे सरली. "मी नाई बसत. चौथी खेप लागते, बाई. मी मांगून येतो." मी तिच्यावर ओरडले. ती हलली नाही. आदेशही तिच्याजवळ उभा होता. त्याला मी दंडाला धरून ओढून डोंग्यात बसवले.

नऊ मुले, मी आणि नथ्थूभाऊ, असे अकरा जण होतो. मधल्या डोहात डोंगा कलला आणि उलटला. नथ्थूभाऊंनी एकट्याने आठ मुले आणि मला बाहेर काढले. आदेश तिसऱ्या दिवशी नदीत बराच खाली सापडला. रुखमाची आठवण कोणालाही राहिली नाही, मलाही नाही. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या लोकांनी लांबच्या रस्त्याने बैलबंडीतून आणून सोडले.

चौकशी झाली. गुणवंतरावांनी कागद लिहून आणला: डोंग्यात आठच मुले होती, डोंगा जुना व फुटका असल्याने त्यात पाणी शिरले. ते म्हणाले, "बाई, तुमची नोकरी जाईल, शाळेचे नाव जाईल, आणि आदेश काही परत येणार नाही." मी सही केली. त्या दिवशी माझ्यापुढे दुसरा कोणताही कागद ठेवला असता तर त्यावरही केली असती, पण ही सबब नव्हे. कागद मी वाचला होता. नंतर दुरुस्त करायला सव्वीस वर्षे होती.

गावाने नथ्थूभाऊंचा डोंगा फोडून जाळला. पुन्हा त्यांच्या डोंग्यात कोणी बसले नाही. त्यांनी तेंदूपत्ता तोडला, दुसऱ्यांची बांधी रोवली. रस्त्यात भेटले की ते आधी "रामराम बाई" म्हणत. मी मान हलवत असे. मी आदेशसाठी रडले नाही, अजूनही रडू येत नाही. आत काही जागच नाही, टाके घालण्याआधी दवाखान्यात बधिर करतात तसे. लाज मात्र वाटते, तेवढी एक जागा बधिर झाली नाही.

तरी मी आज लिहून देते की डोंगा फुटका नव्हता. त्यात जास्त माणसे मी बसवली. नथ्थू पचारे यांनी मला नाही म्हटले होते.

६. राहते घर. हे घर मला नथ्थूभाऊंना द्यायचे होते. दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले. ते ओसरीवर जाळे नीट करत होते. मी म्हणाले, "नथ्थूभाऊ, घर तुमच्या नावानं लिहून द्याचं हाय. आणि खरं काय झालं तेही लिहून राह्यले." आणि कागद त्यांना वाचून दाखवला. ते ऐकत होते, पण हातातले काम त्यांनी थांबवले नाही.

मी विचारले, इतकी वर्षे ते बोलले का नाहीत. म्हणाले, "तुमचा पोरगा गेला होता, बाई. मंग मी काय बोलू?"

मी घराचे पुन्हा विचारले. वकिलांनी मला सांगितले होते की ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कोणी शंका काढेल. तेही मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी जाळे खाली ठेवले.

"घर हाय मले. तवा कोणी माही साक्षच घेतली नाई. साक्ष देतो मी."

म्हणून घर धनराजला देत आहे, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत त्याने कलम ५ स्वतः उभे राहून, एकही ओळ न गाळता वाचावे. त्याला हे मान्य नाही हे मला ठाऊक आहे. त्याने मला विचारले, "काकू, मेलेल्या गोष्टी काऊन उकरून राह्यल्या? घरातलं घरात राहू द्या ना." धनराज, मेला तो आदेश. नथ्थूभाऊ जिवंत आहेत. त्याने कलम वाचले नाही तर घर गावच्या शाळेला द्यावे आणि तिथे मुलांना अभ्यासाला बसू द्यावे. वाचण्याची व्यवस्था आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्रीहरी यांनी करावी.

७. गुणांची दुरुस्ती. सहामाहीचे जुने पेपर शाळेने जाळायला काढले तेव्हा त्यातले दोन मी उचलून आणले. ते माझ्या लोखंडी पेटीत आहेत. आज मी त्यांवर दुरुस्ती केली. रुखमाच्या चार खेपांवरची फुली काढली आणि दोनपैकी दोन दिले. तिचे अठ्ठेचाळीस झाले. आदेशच्या "भागाकार ३, बाकी २" वर फुली मारली. त्याचे पंचेचाळीस झाले. चूक त्याची नाही, त्याला शिकवले तसे त्याने लिहिले. तरी उत्तर चूक आहे. मी दोन्ही पेपरांवर तारखेसह सही केली आहे.

रुखमा आता पोंभुर्णा तालुक्यात शिक्षिका आहे. तिला पत्र टाकले, ती रजा काढून आली. वकिलांना मी विचारले, हे दोन गुण मिळाल्याने तिच्या साक्षीला बाधा येते का? ते म्हणाले, गुण ही मिळकत नव्हे.

८. वर कोठेही न आलेले, नजरचुकीने सुटलेले, जे काही उरेल, ते फेकू नये आणि कोणाच्या वाट्यात कोंबू नये. ते कोणाला लागते आहे हे आधी विचारावे आणि त्यासाठी वेगळे जावे लागले तर जावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. साक्षीदारांपुढे मी तो वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली, आणि त्या दोघांनी माझ्यासमोर केली. साक्षीदारांना सहीशेजारी काही लिहायचे असल्यास जागा सोडली आहे.

ठिकाण: घाटटोला
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार:
(सही) सुगंधाबाई शालिकराम नाकाडे

साक्षीदार १:
नथ्थू पचारे, वय ७८, राहणार घाटटोला. डाव्या हाताचा अंगठा. त्यांच्या सांगण्यावरून रुखमाने लिहिले: "वल्हं माह्या हातात होतं. डोंगा फुटका नोता."

साक्षीदार २:
(सही) रुखमा दोनाडकर, वय ३६, शिक्षिका. मी पलीकडच्या काठावर होते. डोंग्यात किती जण बसले ते मी मोजले होते. बाई, मी अंधार पडेपर्यंत चौथ्या खेपेची वाट पाहिली.