आत्यांची वाफ

१२ ऑगस्ट, मंगळवार

आत्यांनी मोदकपात्राचं झाकण उचललं. सगळे मोदक उघडे. गूळ-खोबरं पात्रात सांडलेलं. एखादा फुटला तर समजू शकते — हा सामूहिक कार्यक्रम होता.

"पीठ बेकार," आत्या म्हणाल्या. "उज्जैनच्या तांदळात जीवच नाही."

दुकान तेच, तांदूळ तोच, माझं लग्न झाल्यापासून.

खरं कारण मला दिसलं होतं. वळलेले मोदक ताटात बसून बसून वाळले, भेगा पडल्या, मग आत जाऊन फुटले. बसले होते वाफेची वाट बघत. आमच्याकडे वाफ आली की नाही हे जयूआत्यांचा तळहात ठरवतो. पात्राच्या झाकणाला भोक आहे. त्यावर डावा हात धरायचा, चटका बसला की "आली" म्हणायचं, मगच मोदक आत. माझ्या नवऱ्याची, अभिजीतची, ही आत्या. त्याच्या जन्माआधीपासून हे असंच चालू आहे म्हणे. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. माझा तर नाहीच — माझं माहेर भोपाळचं.

आज भोकातून इंजिनासारखी वाफ निघत होती. आत्या हात धरून उभ्या. "अजून नाही."

अंगारकीचा उपास उघड्या मोदकांवर सोडला. चमच्याने खाल्ले. चव छान होती. हे म्हणण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

१३ ऑगस्ट

अलकाताई आल्या. कॉलनीचा गणपती त्यांच्या ताब्यात आहे. नैवेद्याचे मोदक मात्र दर वर्षी आत्यांचे. कालची बातमी पोचलेली दिसली. आमच्या घरातून बातमी जायला फोन लागत नाही, अभिजीत जिना उतरला की पुरतं.

"जयूताई, यंदा इंदूरहून मागवू या का? तुम्हाला पण आराम."

"आराम मी मेल्यावर करीन. तेव्हा मागव."

सोमवारी, पंचवीसला ऑर्डर द्यावी लागेल म्हणाल्या. तोवर एकदा नीट करून दाखवा. आत्यांनी मान हलवली आणि चहा न घेता आत गेल्या.

या घरात आत्यांचं म्हणावं असं फार नाही. एक कपाट. एक रेडिओ. आणि चतुर्थीचा दिवस.

१६ ऑगस्ट

अभिजीतने फ्रीगंजच्या बाजारातून थर्मामीटर आणला. लांब सुई, वर आकडे. माणसांचा नाही, पदार्थांचा. बँकेतला माणूस — आकडा दिसला की त्याला देव भेटतो.

पात्रात नुसतं पाणी उकळलं, सुई वाफेत धरली. अठ्ठ्याण्णव. पुढे जाईना. गॅस मोठा केला. अठ्ठ्याण्णव.

"शंभर व्हायला पाहिजे. शाळेत शिकलोय."

थर्मामीटर बदलून आणला. अठ्ठ्याण्णव. परत गेला. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, मशीन तो एकदम सही है. आपका पानी ही ढीला होगा."

हे घरी येऊन त्याने गंभीरपणे सांगितलं. आत्यांनी त्याहून गंभीरपणे ऐकलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आता तो सगळं मोजतो. इडलीची वाफ. डाळीच्या पातेल्याची वाफ. माझ्या चहाची पण, मी पीत असताना.

सकाळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर पोहे खायला गेलो. पोह्यांची परात खदखदत्या पाण्यावर ठेवलेली असते, वाफेवर गरम राहतात. अभिजीतने खिशातून सुई काढली आणि परातीखालच्या वाफेत घातली. पोहेवाल्याने झारा खाली ठेवला.

"साहब, बुखार है क्या इसको?"

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तिथून आम्ही एकत्र आहोत असं वाटत नव्हतं.

१८ ऑगस्ट

अनयचा फोन. कॉलेजमधून. बापाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, आपण समुद्राकाठी राहत नाही. उज्जैन उंचावर आहे. तिथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळणार."

अभिजीतचा चेहरा पडला. आपलं गाव दोन अंश कमी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या मात्र खुलल्या. "म्हणजे मी बरोबरच. पूर्ण वाफ येतच नाही इथे. मी म्हणते अजून नाही, तर माझ्यावर हसता."

"आत्या, ते दोन अंश कधीच येणार नाहीत. जन्मभर हात धरलास तरी."

"आजपर्यंत कशी येत होती मग?"

अभिजीत सुई पुसत बसला.

२० ऑगस्ट

आत्या राम घाटावरून एकाच पायात चप्पल घालून आल्या. दुसऱ्या पायाला चिखल. रिक्षापर्यंत चालल्या, रिक्षातून उतरून जिना चढल्या, दारात मी सांगितलं तेव्हा खाली बघितलं.

"चोरली असेल मेल्यांनी."

एकच? घाटावरचे चोर आता सुटे भाग नेतात बहुतेक. अभिजीत आणि मी जेवताना पण हसत होतो. आत्यासुद्धा थोड्या हसल्या.

२२ ऑगस्ट

गीझर बिघडला म्हणतात आत्या. पाणी गारच येतं. मी आंघोळीला गेले तर सोलून निघाले. अभिजीतला सांगितलं, तर सुई घेऊन न्हाणीघरात. या माणसाशी आता काही बोलायची सोय नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज रंगीत तालीम. उद्या अलकाताईंना निरोप द्यायचा.

उकड मऊ झाली होती. मोदक वळून ताटात, वर ओला पंचा. पात्र गॅसवर. आत्यांचा डावा हात भोकावर. अभिजीतने झाकणाच्या कडेतून सुई आत सरकवली आणि मतमोजणीसारखे आकडे वाचायला लागला.

"ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. आत्या, आली."

"अजून नाही."

"याच्या पुढे जात नाही गं. उज्जैन आहे हे."

"उज्जैन तुझं. हात माझा."

मी हसले. पंचा उचलून मोदक बघितले, परत झाकले. आत्या शांत उभ्या होत्या. बसची वाट बघणाऱ्या बाईसारखा चेहरा.

मग मला हात दिसला. कडेची कातडी पांढरी होऊन वर आली होती. वाफ सरळ तळव्यावर लागत होती आणि हात हलत नव्हता.

मी हात ओढला तशा आत्या म्हणाल्या, "अगं, काय करतेस केतकी? आत्ता येणार होती."

तळवा उलटा करून दाखवला. मध्ये फोड, चांगला मोठा. आत्यांनी तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा निरखला.

मी माझा हात भोकावर नेला. धरला असं म्हणताच येणार नाही. गेला आणि आला.

अभिजीत टूथपेस्ट घेऊन धावत आला. त्याला हाकललं आणि आत्यांचा हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला. आत्या पाण्याकडे बघत होत्या.

"गार आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

गीझर बिघडलेला नाही. चप्पल कुणी चोरली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पायाचं दिवाळीपासून. हाताचं—" थांबल्या. "हाताचं मला वाटलं, वाफच कमी येतेय."

अभिजीतने थर्मामीटर वाफेतून काढून बंद केला. त्याची बोटं सुईला लागली, आणि तो ओरडला, आणि मग ओरडल्याबद्दल त्याला लाज वाटली.

मोदक ताटातच राहिले.

झोपायला जाताना आत्या म्हणाल्या, "अलकाला सांगू नकोस. मागवेल ती लगेच."

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी डॉक्टरकडे गेलो. साखर उपाशीपोटी तीनशेच्या वर. हाताला पट्टी. मग डॉक्टरांनी आत्यांना डोळे मिटायला सांगितले. "माताजी, जहाँ चुभे, बोलिएगा." टोकदार काडीने तळपायावर एकेक जागी टोचत गेले. आत्या डोळे मिटून बसलेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अरे, शुरू तो करिए." डॉक्टर दुसऱ्या पायावर होते.

परत येताना रिक्षात त्यांनी उजव्या हाताने फोन लावला.

"अलका, इंदूर नको. वळायला तू ये, मी बसून सांगते. वाफ केतकी बघेल. तिला पोळतं."