जावळाचा फोटो

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. आई बरी आहे. झेंडू दिवाळीत चांगला गेला. चिकूला मामाचा गोड पापा.

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला लावतात, आणि हे तू एकटीनं वाचायचं आहे. म्हणून शेजारच्या मंगळूच्या हाती देतोय, तो कांदा भरायला तुमच्या लासलगावलाच निघालाय.

पिकअप चालवणं बंद केलंय. डाव्या बाजूची हातगाडी दिसलीच नाही, ठोकली. कुणाला लागलं नाही. मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. हाताच्या शिरेतून पिवळं औषध सोडलं आणि मशीननं डोळ्याच्या आतले फोटो काढले. घरी आलो तर अंग पिवळंधमक! आई म्हणते, "अगं बाई, जानेवारीतली हळद आत्ताच लागली रे तुला!" लय हसलो.

ते जानेवारीतलं लग्न मी मोडलंय. असो.

फोटोत दिसलं, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्याच नाहीत. शेतातल्या शेवटच्या सऱ्यांना पाणीच जाऊ नये, तसं. जन्मापासूनच. डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजव्याला लेझर केलंय. हे रक्तातून येतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी नाही म्हणालो. बाहेर चपला घालताना जावळाचा फोटो आठवला.

चिकू माझ्या मांडीवर, आणि फ्लॅशमध्ये त्याच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी. सासूबाई म्हणाल्या, असला फोटो भिंतीवर नको. गोटीराम फोटोवाल्यानं ती कॉम्प्युटरवर काळी करून दिली, आपण सगळे खूश. "डोळे अगदी मामावर गेलेत," तूच म्हणालीस ना गं?

परत आत गेलो. मोबाइलमधला पहिला फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो मोठा करून बघितला. मग म्हणाले, पडदा सुटलेला असणार, तो डोळा गेला असं धरून चला. दुसऱ्याचं भूल देऊन फोटो काढल्यावरच कळेल. वाचेल म्हणाले नाहीत. तुझेही डोळे बघायचेत म्हणाले.

तो चेंडू धरत नाही म्हणून आपण त्याला आळशीराम म्हणायचो. रडू आवरत नाही गं.

ताई, खोटी आशा लावत नाही. पण चिकूला घेऊन उद्याच ये. सासूबाईंना सांग, आई आजारी आहे. पहिली एसटी धर, मी स्टँडवर उभा असेन.

माझ्या उजव्या बाजूनं ये, म्हणजे दिसाल मला दोघं.

तुझा आणि चिकूचा,
ज्ञानेश