लग्नाच्या सामानातली गोळी

ती. माणिकताईस,

अमरावतीहून रागिणीचा नमस्कार. (तू नमस्काराच्या बदल्यात पाठीत धपाटा घालतेस, तोही पोचला असं समज.) दाजींचे गुडघे, आकांक्षाची अकरावी आणि तुझं बीपी ठिकाणावर असतील अशी आशा करते. माझी तब्येत विचारू नकोस, तीच सांगायला बसले आहे. फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र.

महालक्ष्म्यांना अकोल्याला येताना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची दोन पाकिटं आण, असा तुझा निरोप मिळाला. तर ताई, आधी त्या गोळ्यांचा प्रताप ऐक.

पुतण्या स्वप्निलच्या लग्नात माझी तारीख नेमकी हळदीला येत होती. नितेश बाजारातून अक्षता, हळकुंडं, पत्रावळी आणि या गोळ्या एकाच पिशवीत घेऊन आला. हळद झाली, लग्न झालं, मग सत्यनारायण, मग गोंधळ, आणि दर वेळी सासूबाईंचं एकच, "अजून चार दिवस घे ना माय." मी आपली घेत गेले.

मग काय विचारतेस! कूलरमधलं पाणी संपलं, मी रडले. पाणी भरलं, तरी रडले. पाठवणीच्या वेळी तर नवरीची आई स्वतःचं रडं आवरून मला पाणी पाजत होती. (आम्ही मुलाकडचे! आमच्या घरात सून येत होती!) सत्यनारायणाच्या जेवणात नवे व्याही आलू-वांग्यात मीठ कमी आहे म्हणाले, तर मी मिठाचा अख्खा पुडा त्यांच्या द्रोणात उपडा केला. ते बिचारे अजून आमच्याकडे ताकसुद्धा विचारून पितात.

सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. नितेशनं मोबाईल कमी बघायला सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, वय झालं. ताई, सकाळी डोळे उघडले की वाटायचं, आपण कुणाच्याच कामाचे नाही. हे मात्र हसण्यासारखं नव्हतं. मला माझीच भीती वाटायला लागली होती.

शेवटी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. कुठलं औषध चालू आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठलंच नाही. गोळी वगैरे? "ते काय औषध आहे का मॅडम, ते तं लग्नासाठी घेतलं!" बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सगळ्यांना असं होत नाही, पण काही बायकांचं मन या गोळ्यांनी असं पालटतं. मनानं घ्यायच्या नसतात, विचारून घ्यायच्या. तुम्हाला वेड लागलेलं नाही. मी तिथंही रडले, पण सुटल्यासारखं वाटून.

घरी सांगितलं तर नितेश म्हणतो, "म्हंजे एवढे दिवस गोळी रडून राहिली होती का?" (याला मी जन्मभर सांभाळायचं आहे.) सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ती कुठं होत्या गोळ्या? आमी बाजूले बसत होतो." मी म्हटलं, मग मीही बसते. तर म्हणतात, "तू बसशीन तं पोया कोन लाटन?"

आता गोळ्या बंद करून बरेच दिवस झाले. मी बरी आहे. व्याह्यांचं मात्र सांगता येत नाही.

तुझी,
रागिणी

ता. क. पाकिटं आणणार नाही. मी येणार, आणि तारीख नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच आहे. पुरणपोळ्या लाटीन, चालत असेल तर कळव. तुझ्या घरी बसतात त्या महालक्ष्म्याही दोघी बहिणीच. त्यांच्यातल्या एकीनं दुसरीला गोळी घेऊन ये म्हटलं असेल, असं मला वाटत नाही.

ता. क. दुसरं. दुसरं पाकीट आकांक्षासाठी होतं ना? खोटं बोलू नकोस. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या पोरीला काही देऊ नकोस, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. लग्नात तू लवकर निघालीस, ती माझ्यापाशी थांबली होती. एवढ्या मांडवात तिनं एकटीनं माझा हात धरून विचारलं होतं, "मावशी, तू काहून रडून राहिली?"