कपात सूचनेचं संदर्भासह स्पष्टीकरण

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला मला कविताच म्हणावी लागते. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. महाडच्या शाळेत शेवटच्या तासाला ऊन बाकांवर उतरायचं आणि तुम्ही डोळे मिटून कडवं म्हणायचात. खिडकीबाहेरची टेकडीसुद्धा ऐकत थांबलीय असं मला वाटायचं. एकदा मी मधलीच एक ओळ उचलून झोकात अर्थ सांगितला, तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवलात. "कोण म्हणतंय? कुणाला? कधी? संदर्भ कुठाय? ओळ तोडलीस, आता ती कवीची राहिली नाही, तुझी झाली." वर्ग हसला, माझे कान तापले. पुढे तुम्ही नोकरी सोडून उभे राहिलात, आमदार झालात, पण बोलणं तेच राहिलं.

तुमच्या दुसऱ्या निवडणुकीत मी वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला होतो आणि सुट्टीच्या दिवशी कर्णा घेऊन तुमच्याबरोबर हिंडत होतो. कापडे गावाजवळच्या ओढ्यावरचा लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा; पलीकडच्या वाडीला पक्का पूल हवा होता. तुम्ही विरोधी बाकांवर. विधानसभेत अंदाजपत्रकावर बोलताना त्या साकवाचं गाऱ्हाणं मांडायचं, तर रस्ते-पुलांच्या खर्चावर कपात सूचना द्यावी लागे. या खर्चातले नावाला थोडे पैसे कमी करा, असं लिहून द्यायचं, म्हणजे त्या निमित्तानं बोलायला मिळतं. पैसे कमी व्हावेत असं देणाऱ्याच्याही मनात नसतं. तुम्ही सूचना दिलीत, बोललात, मंत्र्यांनी पुलाचं आश्वासन दिलं, तुम्ही सूचना मागे घेतलीत. रीतच ती. पण समोरच्यांनी पत्रकात छापलं एवढंच: 'पुलाच्या पैशांत कपात मागणारे मास्तर हेच!' आणि आपल्याकडे तर घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. कपात हा शब्द इथल्या चुलीपर्यंत पोचला होता तो पगाराच्या पाकिटातून. त्यांना आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

कापड्याच्या वाटेवर माझे दुकानमालक तुम्हाला विनवत होते. "गुरुजी, 'खोटं आहे' म्हणा आणि खाली बसा. दोन शब्दांचं काम. तुमचं समजावणं तासाचं, तोवर माणसं घरी जेवून झोपतील."

"खोटं नाही ना ते," तुम्ही म्हणालात. "अर्धं आहे. अर्ध्याला खोटं म्हटलं, तर उरलेलं अर्धं कुठल्या तोंडानं सांगू?"

देवळापुढं माणसं जमलीयत. मी कर्णा तुमच्या तोंडाशी धरलाय. गिरणीतून रजेवर आलेला एक जण मधोमध उभा राहतो. "मास्तर, बाकीचा ऱ्हाऊ द्या. कपात मांडली का नाय, तेवढा सांगा."

"मांडली. मीच मांडली."

सगळीकडे गलका. तो थांबेपर्यंत तुम्ही थांबता, वर्गात थांबायचात तसे. मग सांगता, "शाळेत पोरगा बोट वर करतो, तेव्हा कुठं गुरुजी त्याच्याकडं बघतात. विधानसभेत ही सूचना म्हणजे माझं बोट होतं."

"बोट होता तर कात्री कशाला धरली त्यात?" गिरणीवाला विचारतो, आणि अख्खं आवार हसतं. तुम्हीही हसता. मग पायरीवरची एक म्हातारी म्हणते, "बरा, धरलीस तर धरलीस. मग मागं का घेतली?"

"मंत्र्यांनी पुलाचा शब्द दिला म्हणून, आजी. शब्द मिळाल्यावर अडून बसलो असतो, तर सभागृहात सूचनेवर मतदान झालं असतं. मी हरलो असतो, आणि शब्दही गेला असता."

"शबदावरनं वढा वलांडता येतो काय रे?"

तुम्ही धोतर झटकलंत आणि म्हणालात, "चला, पुढच्या वाडीला." तिथेही पहिल्यापासून सगळं सांगितलंत. वरंधच्या बाजूला तर पाचसात माणसांपुढं सांगितलंत. घसा बसला, तरी एक वाक्य गाळलं नाहीत.

तुम्ही पडलात. पूल झाला, नारळ नव्या आमदारांनी फोडला, आणि तुम्ही परत वर्गात येऊन कविता शिकवायला लागलात.

परवा आमच्या गावातल्या प्रचारसभेत एक तरुण पुढारी समोरच्या उमेदवाराबद्दल ओरडून सांगत होता, यानं शेतकऱ्यांच्या विरोधात मत दिलं. मी उठलो. म्हटलं, बाळा, कुठल्या ठरावावर? त्यात दुरुस्ती काय होती? आधी काय बोलणं झालं होतं? "आजोबा, बसा खाली, चक्कर येईल," कुणीतरी म्हणालं. बसलो नाही. पुन्हा तेच विचारलं, आणि सभा संपेपर्यंत उभा राहिलो. उद्या पोलादपूरला त्याची सभा आहे. तिथेही जाणार आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मला ठाऊक नाही. तेव्हा इथेच राहील. फक्त एक सांगायचं आहे. कापड्याच्या देवळापुढं त्या गिरणीवाल्यानं विचारलं, "मांडली का नाय," तेव्हा कर्णा धरून तुमच्या शेजारी उभा असलेला मी मनातल्या मनात सारखं म्हणत होतो: गुरुजी, नाही म्हणा.