आईला बिश्केकला जायचंय

ग्लासगो, ऑक्टोबर २००८

प्रिय स्वानंद,

दर रविवारी तू फोनवर विचारतोस, “ताई, आईचं काय ठरलं?” आणि दर रविवारी मी तुझ्याकडच्या विजेची चौकशी करून विषय बदलते. काय करणार? आई शेजारीच बसलेली असते, तुझा भावोजी शशिधर पेपरमागून ऐकत असतो आणि इरा माझ्या हातातला फोन ओढत असते. म्हणून आज ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. ऑफिसात सध्या कोणाचंच कामात लक्ष नाही. सरकारने आमच्या बँकेला कसंबसं उभं केलंय, पण आमच्या मजल्यावरचं कोण राहणार आणि कोण जाणार, ते कोणी सांगायला तयार नाही. उन्हाळ्यात आईला घेऊन तुझ्याकडे आले होते तेव्हा मी तुला किती ऐकवलं होतं! तुमचा अर्धा देश रशियात विटा वाहायला गेलेल्या पोरांच्या कमाईवर जगतो, असा देश कसा चालायचा, वगैरे. तू नुसता हसलास. आता हवं तेवढं हसून घे.

खरं सांगायचं तर तिकडे येईपर्यंत मला तुझा देश नकाशावर पटकन दाखवता आला नसता. इथे कोणी विचारलं की मी सांगायचे, भाऊ रशियात असतो, डॉक्टर आहे. बिश्केक, किरगिझस्तान म्हटलं की पुढे चार प्रश्न येतात. तो तिथे दवाखाना न चालवता आपल्याकडच्या मेडिकलच्या मुलांचं हॉस्टेल आणि मेस चालवतो, हेही मग सांगावं लागतं. निघायच्या आधी मी आईला इंटरनेटवरून सगळं वाचून दाखवलं होतं. पन्नास लाख लोक, देशभर डोंगर, सोन्याची खाण, नद्यांवरची धरणं, तीन वर्षांपूर्वी लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष पळून गेले. आई जपमाळ ओढत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, “आणि समुद्र?” मी म्हटलं, समुद्र नाही. कुठल्याही दिशेने गेलं तरी दुसऱ्याच देशाची हद्द लागते. जन्म वेंगुर्ल्यात काढलेल्या आईला ते खरंच वाटेना. “मग तिथली माणसं जीव रमवायला जातात तरी कुठे?” म्हणाली.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ती कंटाळेल. घरात तुझ्या सासूबाई, बाहेर ते जुने सोव्हिएत चाळीसारखे ब्लॉक, आणि कानावर पडणारा एकही शब्द ओळखीचा नाही. तुझ्या सासूबाईंना सगळे गुलसारा-आपा म्हणतात हे ऐकून तर ती पदर तोंडाला लावून हसत होती, कारण आपल्याकडे आप्पा म्हणजे बाप्या माणूस. जिल्दिज हे नाव तिच्या जिभेवर बसेना. त्याचा अर्थ तारा असा तू सांगितलास आणि त्या दिवसापासून तुझी बायको आमची ताराच झाली. लग्नाला मी आले नव्हते. आईलाही मीच येऊ दिलं नव्हतं, थंडीचं कारण सांगून. त्या मुलीने त्याबद्दल एका शब्दाने, नजरेनेही काही दाखवलं नाही. आल्या आल्या आईच्या हातावर गरम पाणी घातलं, टॉवेल पुढे धरला आणि तिला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागेवर बसवलं. माझ्या घरात आईची जागा कुठली, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

तुला तो अंगणातला बाक आठवतो ना? आठवतो काय, तुझ्या दारातच आहे म्हणा. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर आई घरात नाही. घाबरून खिडकीतून पाहिलं तर ती खाली बाकावर दोन बायकांच्या मधे बसलेली. एका बाजूला गुलसारा-आपा, दुसऱ्या बाजूला त्या रशियन वालेंतिनाबाई, ज्यांची मुलं सोव्हिएत संघ तुटल्यावर जर्मनीला निघून गेली. तिघींच्या मांडीवर शेंगा. आई मालवणीत बोलत होती, त्या रशियनमध्ये, आणि मधेच तिघी एकदम मान हलवत होत्या. मी खाली येऊन विचारलं, काय चाललंय गं? तर म्हणाली, “वालेंतिनाच्या गुडघ्यात पाणी झालंय, आणि तिचा जावई बरा नाही.” तिला ते कसं कळलं, देव जाणे. पण नंतर ताराने सांगितलं, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आणि तो सरोवराचा दिवस! रस्त्याकडेला बायका दोरीला माशांच्या माळा लावून विकत होत्या, तिथे तिने तुला गाडी थांबवायला लावली. सुकवलेला मासा नाकाशी नेऊन म्हणाली, “बांगडो नाय, पण चलात.” पुढे इसिक-कुलच्या काठावर साडी पोटरीपर्यंत उचलून पाण्यात उभी राहिली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि आपल्या दोघांना ओरडून सांगितलं, “खारट आहे रे! थोडंसंच, पण खारट आहे!” तू हसत होतास. मी तिच्याकडे बघत होते. ग्लासगोत पाच वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

इथे ती हळू बोलते. मीच शिकवलंय तिला तसं. भिंती पातळ आहेत, शेजारी तक्रार करतात. मासे तळू नकोस, स्मोक अलार्म वाजतो, वास पडद्यांत बसतो. हीटिंग सारखं वाढवू नकोस. एकटी बसने जाऊ नकोस. सकाळी आम्ही तिघं गेलो की संध्याकाळपर्यंत ती, टीव्ही आणि खिडकी. मी तिला कधी वाईट वागवलं नाही, स्वानंद. डॉक्टर, औषधं, गरम कोट, रविवारी देऊळ, सगळं केलं. पण तिच्याशी बोलायला बसले की पाच मिनिटांत मला धुवायचे कपडे आठवतात. इरा तिच्याच खोलीत झोपते. परवा मला विचारत होती, “मम्मा, आजी माझी रूममध्ये कायम राहणार? मग माझा फ्रेंड स्लीपओव्हरला आला तर कुठे झोपणार?” मी तिला गप्प केलं. आई दारातच उभी होती.

आता गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते, ते तुला आईने सांगितलेलं नसणार. मी मीटिंगमध्ये होते. नोकऱ्या कपातीचीच मीटिंग. फोन आला, खालच्या मजल्यावरच्या मिसेस मॅकेंझींचा. युअर मदर इज लॉक्ड आउट, डिअर, जिन्यात बसलीय बिचारी, मी चहा दिला पण आत येत नाही. मी मॅनेजरची माफी मागून टॅक्सीने घरी आले. आई आमच्या बिल्डिंगच्या सामायिक जिन्यात, खालच्या दारापाशी, स्टूल टाकून बसली होती. अंगात कोट, मांडीवर परात, परातीत मटार. शेजारी मिसेस मॅकेंझींचा निवलेला चहा. माणसं येत होती, सॉरी म्हणून अंग चोरून तिच्या बाजूने वर जात होती. किल्ली तिच्या गळ्यातच होती. मी ओरडले तिच्यावर. लोक काय म्हणतील, कोणी कौन्सिलला कळवलं तर, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुझं हे काय? ती उठली, परात उचलली आणि म्हणाली, “कुलूप नव्हतंच गं लागलं, मीना. बसले होते. म्हटलं, कोण तरी येऊन बसेल.”

वर आल्यावर तिने मटार फ्रिजमध्ये ठेवले, हात पुसले आणि माझ्यासमोर बसून सरळ सांगितलं, “मला स्वानंदकडे जायचंय. भेटायला नाही, राहायला.” मला एकदम रडू फुटलं. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. “वेडी कुठली, मी काय कायमची तुटतेय?” म्हणाली. त्याच दिवशी तिने तुलाही फोन केला, आणि तेव्हापासून तुम्ही सगळे माझी समजूत घालताय.

मग मी अडचणी काढत बसले. धरणात पाणी नाही, रोज तासन्‌तास वीज जाते, ऐन थंडीत काय करशील? आई म्हणाली, “वेंगुर्ल्यात लोडशेडिंग काय कमी होतं?” तिकडचं सरकार कधी पडेल याचा भरवसा नाही, म्हटलं. “तुझी बँक पडताना मी टीव्हीवर बघितली,” म्हणाली. शशिधरने शेवटी खरी अडचण सांगितली. दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर तिचा इथला राहण्याचा हक्क जाईल. मग पुन्हा आणणं जवळजवळ अशक्य. त्यावर आईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

स्वानंद, त्या दिवशी मी दुःखाने रडले असं आईला वाटतं, तुलाही तसंच वाटतंय. मला सुटल्यासारखं वाटलं होतं रे. ती जाते म्हणाली आणि छातीवरचं काहीतरी उतरलं, त्याचं ते रडणं होतं. त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. त्याच आठवड्यात इराच्या खोलीसाठी अभ्यासाचं टेबल ठरवून आले, ते आईच्या पलंगाच्या जागी बसेल की नाही ते मोजूनसुद्धा. आणि एवढं करून मी तुम्हा सगळ्यांना नाही, नाही म्हणत राहिले. का, तर तिने म्हणावं, माझी मुलगी मला सोडायलाच तयार नव्हती. तिला तेवढं तरी माझ्याकडून मिळावं असं वाटलं, की मलाच हवं होतं, ते मला सांगता येत नाही. आता माझ्या होकाराची वाट बघू नकोस. सोबत तिचं ई-तिकीट जोडतेय, नोव्हेंबरचं, इस्तंबूलवरून. परतीचं काढलेलं नाही. रविवारी फोन कर आणि आईला सांग की तिकीट तू काढलंयस, ताई काही म्हणो, तुला ती हवीच आहे. मी फोन हिसकावून घेईन, तुझ्यावर चिडेन, जाऊ देणार नाही म्हणेन. तू माझं अजिबात ऐकू नकोस.

रविवारी तुझ्याशी भांडणार असलेली, तुझीच

मीनाताई