पन्नास मिनिटांचा रस्ता

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. पाय सुजतात म्हणतेस, तर उशीवर ठेवून पडत जा. नववा लागलाय, आता धावपळ पुरे. आठवडाभर उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

आरोग्य सुधारणा समितीवर एकमेव नर्स म्हणून माझी निवड झाली, तेव्हा तूच सगळ्यांना सांगत सुटली होतीस. मीही हुरळले. तीस वर्षं वॉर्डात पाय झिजवले आणि आता मोठ्या डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची. आम्ही सात तत्त्वं लिहिली. ‘रुग्ण आधी’ हे पहिलं, ते माझंच. पाचवं होतं, अवघड उपचार एकाच सुसज्ज रुग्णालयात व्हावेत. त्यात खोटं काही नव्हतं. लहान प्रसूतिगृहात रक्त नसतं, भूल द्यायला कोणी नसतं. बाया दगावलेल्या मी पाहिल्यात. म्हणून लहान प्रसूतिगृहं बंद करायची ठरली; नकाशावर कुठलंही गाव त्या रुग्णालयापासून पन्नास मिनिटांच्या आतच दिसत होतं. मी हात वर केला.

मागच्या सोमवारी राहवेना, म्हणून तुमच्या गावाहून निघणाऱ्या रुग्णवाहिकेत चालकाशेजारी बसले. तुला कळवलं नाही. घाटात दोन ट्रक समोरासमोर अडकलेले. चालकाने इंजिन बंद केलं. “सिस्टर, हे रोजचंच. मागच्या महिन्यात एक बाळ याच वळणावर झालं.” मी विचारलं, “आणि आई?” तो आरसा नीट करत बसला. मोठ्या रुग्णालयात पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. तेव्हापासून नीट झोप नाही. डोळा लागला की तेच वळण दिसतं, आणि मागे वळून स्ट्रेचरवर कोण आहे ते पाहायचा धीर होत नाही.

तुमच्याकडचं प्रसूतिगृह येत्या एक तारखेला बंद होतंय. तुझी तारीख बारा. म्हणून हे पत्र. या रविवारी निघ आणि माझ्याकडे ये, इथून ते रुग्णालय जवळ आहे. रागाव हवं तर, पण ये. तिथल्या नोंदवहीत त्या महिन्याच्या आणखी अकरा जणी आहेत. त्यांना कुठे बोलावू, सुचत नाही. उद्या समितीपुढे उभी राहून माझं मत मागे घेणार आहे. अध्यक्ष म्हणतील, लेकीसाठी करताय. काय सांगू त्यांना? वहीत तुझं नाव नसतं, तर मी तो रस्ता पाहायला गेलेच नसते.

घाबरलेली, तुझीच,
आई